त्याच्या गोळ्या, माझं पोट

नवऱ्याच्या वाट्याच्या गोळ्या मी खाल्ल्या. चांगल्या महिनाभर. रोज सकाळी, रिकाम्या पोटी, सासूच्या नजरेसमोर. त्याला आता खूप वर्षं झाली. सासू गेली, नवराही गेला, आणि लोक मला सांगतात, गेलं ते गेलं, मनात धरू नये. मी धरते. मन माझं आहे, त्यात काय ठेवायचं ते मी ठरवीन.

नवऱ्याला मी इथं ‘तो’ लिहिणार आहे. जिवंत होता तोवर ‘अवो’ म्हणत होते. आता लिहिताना मान द्यायची सक्ती नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या उन्हाळ्यात लग्न होऊन उचगावात आले. घरात सासू, तो आणि मी. सासरे आधीच गेलेले. गोठ्यात म्हशी, त्यांचं दूध डेअरीला. तो कोल्हापुरात एका फौंड्रीत होता. भट्टीतून लोखंडाचा रस घेऊन साच्यात ओतायचं काम. फौंड्री सुटली की तालीम. आमच्या भागात त्याचं पैलवान म्हणून नाव होतं. माझ्या वडिलांनी म्हशी बघितल्या, त्याचे दंड बघितले आणि होकार दिला. असल्या गड्याच्या घरात पोरंबाळं कमी पडायची नाहीत, असं ते आईला म्हणाले. सगळ्यांची अक्कल तिथंच संपत होती. मान जाड, दंड जाड, म्हणजे माणूस आतून-बाहेरून ठीक.

कुस्त्यांचा हंगाम सुरू झाला की तो तालमीतच झोपायचा. लग्न झालेल्या पैलवानानंही हंगामात बायकोजवळ जायचं नाही, हा वस्तादाचा नियम. अंगातलं तेज खाली गेलं की ताकद गेली, अशी त्या सगळ्यांची समजूत. लंगोट घट्ट तो पैलवान. जत्रांची मैदानं दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि पाऊस तोंडावर आला की थांबायची. म्हणजे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस माझा नवरा वस्तादाचा होता. आणि इकडं सासू मला विचारायची, अजून कसं काय न्हाई?

एकदा मी म्हटलं, “आत्ती, ते तालमीत झोपत्यात.”

“मग काय झालं?” ती म्हणाली. “पावसाळा असतोय की.”

मी घागर उचलली आणि पाण्याला गेले.

पुढं त्याचं वय झालं, मैदानं सुटली, तो रोज घरी झोपायला लागला. तरी काही झालं नाही. मग माझ्यावर उपाय सुरू झाले. कुणी काढा सांगितला, कुणी चूर्ण. जयसिंगपूरच्या एका वैद्याची काळी गोळी होती, ती खाल्ली की दिवसभर पोटात आग पडायची. कुठल्या कुठल्या झाडांच्या साली मी उगाळून प्याले. अंगारे तर इतके खाल्ले की त्यांची चव वेगवेगळी ओळखू यायला लागली. त्याच काळात त्याला सकाळी धारोष्ण दूध, भिजवलेले बदाम, भाकरीवर तुपाची धार. औषध माझ्या पोटात आणि बदाम त्याच्या. दोष कुणात आहे हे कुणी तपासलं नव्हतं, पण दोषाची वाटणी झालेली होती.

आता म्हशीचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

आमची एक म्हैस उलटत होती. रेड्याकडं नेऊन आणली की तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर यायची, गाभण राहायची नाही. डेअरीच्या जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं बघितलं आणि खनिजाची पूड लिहून दिली. जनावराच्या अंगात क्षार कमी पडले की असं होतं, पेंडीतून रोज घाला, म्हणाला. जाता जाता आणखी एक सांगून गेला, की रेडाही बदलून बघा, दोष कधी कधी रेड्यात असतो.

सासूनं एका शब्दानं वाद घातला नाही. पेंडीत पूड घालायला लागली आणि पुढच्या माजाला म्हैस दुसऱ्या गावच्या रेड्याकडं घेऊन गेली. आधीच्या रेड्याच्या मालकालाही राग आला नाही. म्हैस राहिली. पुडीनं राहिली का रेडा बदलल्यानं, ते त्या म्हशीलाच ठाऊक. पण बघा, म्हशीच्या बाबतीत आमच्या घरात किती शहाणपण होतं. म्हशीला कुणी वांझ म्हटलं नाही, कुणी तिला माहेरी धाडलं नाही, आणि रेड्यात दोष असतो हे ऐकून कुणाची मान खाली गेली नाही.

पुडीतली थोडी उरली होती. ती सासूनं माझ्या आंबिलीत घातली. एका घोटात मला कळलं, कारण त्या पुडीचा वास गोठ्यात मी रोज घेत होते. मी वाटी उचलली आणि तिच्यासमोर म्हशीच्या घमेल्यात ओतली.

“म्हशीला लागू पडली की गं,” सासू म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. फुकट गेली म्हणून.

“म्हशीला आणखी काय लागू पडलं, ते बी बघा की आत्ती,” मी म्हणाले.

तिला कळलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी बोलली ती शेजारणीशी, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मुलाचं दुसरं लग्न करायचं म्हणाली. कायद्यानं तसं लग्न चालत नाही हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पण कुठल्यातरी देवळात माळा घातल्या की गावाच्या दृष्टीनं झालं लग्न, आणि तक्रार करायला कोण जातंय? मी गेले असते तर राहायचं कुठं? वडील वारले होते, भावजयीचा स्वभाव मला ठाऊक होता. दुसरी आली की मी त्या घरात काय होणार, हेही ठाऊक होतं. शेण काढायला, वैरण आणायला, आणि तिच्या बाळंतपणात तिचं पाणी तापवायला.

चंदगडकडचं एक स्थळ आलं. मुलीचा बाप भाताचा शेतकरी, थोडी काजूची झाडं. घरात मुलीच मुली, म्हणून बिजवराला नाही, तर चक्क पहिली बायको नांदत असलेल्याला द्यायला तयार झाला. एसटीनं आला, म्हशी बघितल्या, घर बघितलं, मला बघितलं. मी पाणी दिलं ते घेतलं. आणि मग त्या माणसानं असा प्रश्न विचारला की सासूचा हात पानाच्या डब्यावर तसाच राहिला.

“पयल्या बाईतच दोष हाय, हे डॉक्टरच्या तोंडनं कळू दे,” तो म्हणाला. “मग माझी पोरगी देतो. न्हाईतर एकाच घरात दोन बायका आणि पाळणा न्हाई, असं व्हायचं.”

माझी त्याला काही कणव नव्हती. तो आपल्या मुलीचा विचार करत होता. पण इतक्या वर्षांत सरळ प्रश्न विचारणारा तो एकटाच निघाला, आणि तोसुद्धा माझ्या जागेवर आपली मुलगी बसवायला आलेला.

सासू लगेच हो म्हणाली. इतकी तिची खात्री होती. नवऱ्यालाही काही वाटलं नाही. दवाखान्यात जायचं ते मी, त्यात त्याला कसली काळजी?

कोल्हापुरात एक डॉक्टर होता, मुंबईला शिकून आलेला, मूल न होणाऱ्या जोडप्यांना तपासायचा. आधी मला तपासलं. ती तपासणी काय असते ते बायकांना माहीत आहे आणि बाप्यांना सांगून उपयोग नाही. सासू आत उभी राहून सगळं बघत होती. चार-पाच फेऱ्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाला, ह्यांच्यात मला काही दोष दिसत नाही, आता मालकांना घेऊन या.

सासूनं हे घरी सांगितलंच नाही, आणि माझ्या सांगण्याला तिथं किंमत नव्हती. डॉक्टरला तुला भेटायचंय, एवढंच मुलाला म्हणाली.

तो गेला. छाती काढून गेला. डॉक्टरनं काय आणून द्यायचं ते सांगितल्यावर बाहेर आला तेव्हा त्याचे कान लालभडक झाले होते. कुस्तीत मोडलेले, भज्यासारखे कान ते, पण तसे लाल मी कधी बघितले नव्हते. रस्त्यानं चालताना सारखा एकच बडबडत होता, की ज्या गोष्टीसाठी उभं आयुष्य लंगोट आवळून काढलं ती काय बाटलीत घालून द्यायची? हे असलं म्हशीच्या डॉक्टरनं बोलावं, माणसाच्या नव्हे. मी मागून चालत होते. मला तपासताना ह्याला असलं काही सुचलं नव्हतं.

गेला नसता. पण चंदगडचा पावणा वाट बघत होता, आणि डॉक्टरचा शब्द हवा होता. हजारो माणसांपुढं लंगोटावर उभा राहणारा गडी दवाखान्याच्या मागच्या खोलीत शिरताना इकडंतिकडं बघत होता, कुणी ओळखीचं बघतंय का म्हणून. बाटली देऊन आला आणि आठवडाभर कुणाशी नीट बोलला नाही.

निकाल कळायचा त्या दिवशी मला बाकावर बसवून डॉक्टरनं त्याला एकट्याला आत घेतलं. बराच वेळ तो आत होता. बाहेर आला तो हातात गोळ्यांची बाटली घेऊन.

मी विचारलं, काय म्हणाले?

“गोळ्या दिल्यात,” म्हणाला. “रोज एक. तीन महिने.”

दोष कुणात आहे म्हणाले, हे मी विचारलं. तर म्हणाला, दोषाचं काय बोलले नाहीत.

घरी येऊन त्यानं बाटली फडताळात ठेवली आणि आईलाही तेच सांगितलं. रोज एक, तीन महिने. आणि तालमीकडं निघून गेला. तिनं विचारलं नाही, कुणी खायच्या. विचारायचं होतं काय त्यात? आमच्या घरात मुलाचं औषध म्हणजे सुनेचं औषध. दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढून झाल्यावर सासूनं एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. माझ्यात दोष नाही म्हणाले होते की, असं मी म्हटलं, तर म्हणाली, मग गोळ्या कशाला दिल्या असत्या? औषध उपाशीपोटीच लागतं, हा तिचा दुसरा नियम.

तो समोरच बसला होता. त्यानं बघितलं. माझ्या हातावर गोळी बघितली, माझ्या तोंडात जाताना बघितली. बशीतला चहा फुंकला आणि प्यायला. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. त्याला सगळं ठाऊक होतं.

आणि मला गोळ्या चालू आहेत, हाच सासूनं डॉक्टरचा शब्द मानला. तसा निरोपही चंदगडला गेला, की औषध सुनेला दिलंय, म्हणजे दोष कुठं आहे ते ओळखा.

गोळी खाल्ली की तोंडाला तांब्याचा पैसा चोखल्यासारखी चव यायची. मग पोट ढवळायचं. पहिले काही दिवस मी दाबून धरलं. एके दिवशी गोठ्यातच भडाभडा ओकले. सासू हातातली पाटी टाकून धावत आली. माझी पाठ चोळायला लागली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिचा हात माझ्या पाठीला पहिल्यांदा लागला तो त्या दिवशी.

“ऱ्हाऊ दे, तू बस,” म्हणाली. “शेण मी भरतो.”

मला कळेना हिला काय झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओकले, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तोवर सगळी गल्ली मला बघून हसायला लागली होती. शेजारणी चिंच घेऊन आल्या. एकीनं लोणच्याची फोड आणली. ज्या बायका मला बारशाला बोलवत नव्हत्या त्या माझ्या दारात बसून मला काय खावंसं वाटतं ते विचारत होत्या. सासूनं चंदगडला निरोप पाठवला, की थोडं थांबा. मी तिला सांगत होते, आत्ती, मला तसं काय वाटत नाही, ह्या गोळ्यांनी होतंय. ती ऐकायला तयार नव्हती. मला आवडेल ते करून घालत होती, आणि सकाळी न चुकता गोळीही देत होती, त्या गोळीनंच दिवस गेले म्हणून. तो मात्र माझ्याकडं बघायचा नाही. ओकारीचा आवाज आला की उठून बाहेर जायचा.

मग मी बाजूला बसले. त्या महिन्यातही बसायचं तेव्हाच बसले. सासू मागच्या दारात आली आणि मला तिथं बसलेली बघितली.

“पोटात न्हवतं,” ती म्हणाली, “तर ओकायलीस कशाला?”

ओकायलासुद्धा मला कारण दाखवावं लागत होतं. त्या दिवशीच तिनं चंदगडला नवा निरोप धाडला, की या आणि ठरवून टाका.

पावणा यायच्या आधी मी डॉक्टरकडं गेले. एकटी गेले. डेअरीत दुधाचं सांगायला जाते म्हणाले आणि बस धरली. मला दुसरं काही नको होतं, फक्त ती ओकारी थांबवायची होती. माझी पाळी आल्यावर डॉक्टरनं वर बघितलं आणि ओळखलं.

“काय म्हणतात पैलवान?” त्यानं विचारलं. “गोळ्या सोसतात का त्यांना? जेवल्यावरच घेतात ना?”

मी म्हणाले, त्यांना कुठल्या गोळ्या? गोळ्या मी खाते.

डॉक्टरनं चष्मा काढला. मग त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. त्याच्या बाटलीत जे सापडलं ते फार थोडं होतं. मूल व्हायला पुरुषाच्या धातूत जे लागतं ते असंख्य लागतं आणि ते पळतं लागतं. त्याच्यात कमी होतं आणि जे होतं ते मंद होतं. गोळ्या जस्ताच्या होत्या. शरीरात जस्त कमी पडलं की पुरुषात असा दोष येऊ शकतो, म्हणून त्या द्यायच्या. तीन महिने अशासाठी की आतलं जुनं जाऊन नवं तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. शिवाय भट्टीची धग आणि तो आवळलेला लंगोट, दोन्ही सोडायला सांगितलं होतं. गोळ्यांनी होईलच असं नाही, डॉक्टर म्हणाला. अंगात मुळात कमी असेल तर उपयोग, नसेल तर नाही. पण तुम्ही खाऊन त्यांना काय उपयोग होणार?

मी विचारलं, “त्या दिवशी मला आत का न्हाई घेतलं?”

“अशा वेळी पुरुषांना संकोच वाटतो,” डॉक्टर म्हणाला.

मला तपासताना माझी सासू पायथ्याशी उभी होती. माझा संकोच कुणी विचारला होता? हे मी त्याला बोलले नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. बोलायला हवं होतं. शिकलेला माणूस होता, पण त्यानंही बाप्याची अब्रू झाकली आणि बाईला बाकावर बसवली.

बसमध्ये मी रडले वगैरे नाही. मला राग आला होता. दोष असतो एखाद्यात, तो काय कुणी मागून घेतो? त्याच्यात दोष असल्याचा मला राग नव्हता. तो समोर बसून चहा फुंकत होता, मी ओकत होते आणि तो उठून बाहेर जात होता, आणि माझ्या ओकारीवर त्याचं दुसरं लग्न ठरत होतं. तरी त्याच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता.

घरी कुणाला काही बोलले नाही. एकट्यात बोलले असते तर सासूनं मला खोटी पाडली असती आणि त्यानं मान खाली घातली असती, आणि लग्न झालंच असतं. मला तो पावणा समोर हवा होता.

तो आला तो तांदळाचं गठुडं घेऊन. घरचा तांदूळ, नव्या सोयरिकीसाठी. सोप्यात घोंगडं टाकलं, तिघं बसली. सासू सांगत होती की सुनेला कसं महागाचं औषध केलं, आम्ही काही कमी केलं नाही, पण तिच्या नशिबातच नाही. मी आत चहा केला. ताटात दोनच कप ठेवले, एक पाण्याचा पेला ठेवला आणि ती गोळ्यांची बाटली ठेवली. बाहेर येऊन पावण्याला कप दिला, सासूला दिला. नवऱ्यापुढं पेला आणि बाटली ठेवली.

“खावा,” मी म्हणाले. “डॉक्टरनी तुमास्नी दिल्यात. मला न्हाईत.”

सासू म्हणाली, काय बरळतीस? मी म्हणाले, मी डॉक्टरकडं जाऊन आलेय. माझ्यात दोष नाही हे डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगितलं होतं, आत्ती, ते तुम्ही गिळलंत. ह्यांच्यात कमी आहे, म्हणून जस्ताच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या ह्यांनी मला खायला घातल्या.

“जस्ताची?” सासू म्हणाली. “जस्ताचं पत्रं घरावर घालत्यात. पोटात घालत असत्यात व्हय कुणी?”

“महिनाभर माझ्या पोटात घातलासा की,” मी म्हणाले. “तवा कसं चाललं?”

नवऱ्याला तेवढ्यात हसण्यावारी न्यायचं सुचलं. पावण्याकडं बघून म्हणाला, “मी काय बादली हाय व्हय, जस्ताचा हात द्यायला?” स्वतःच हसला. त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही.

पावण्यानं कप खाली ठेवला. “पैलवान,” तो म्हणाला, “बाई म्हणत्यात ते खरं का खोटं, तेवढं सांगा. मी तुमच्या शब्दावर जातो.”

त्याला खोटं बोलता आलं असतं. तो बोलला नाही. का ते मला माहीत नाही. मी समोर उभी होते म्हणून, की डॉक्टर कोल्हापुरातच बसलाय आणि पावणा विचारायला जाईल म्हणून. तो पेल्यातल्या पाण्याकडं बघत राहिला. मग पावण्यानं उरलेला चहा शांतपणे संपवला, कारण तो वाया घालवणाऱ्यातला नव्हता, चंदगडची गाडी चुकेल म्हणाला, आणि उठला. जाताना तांदळाचं गठुडंही उचलून घेऊन गेला. बरोबर केलं.

सासूनं मला त्या दिवशी जे शिव्याशाप दिले ते लिहून कागद वाया घालवत नाही. भरल्या घरात नवऱ्याला उघडा पाडला, हे तिचं म्हणणं. मला उघडं पाडून किती वर्षं झाली होती, ह्याचा हिशोब तिच्याकडं नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तो गोळ्या घ्यायला लागला. जेवल्यावर, भिंतीकडं तोंड करून. कुणी विचारलं तर गुडघ्यासाठी आहेत म्हणायचा. भट्टीवरचं काम सोडून साचे करायच्या खात्यात गेला. त्याला मळमळ झाली नाही. जेवल्यावर घेतली की होत नाही म्हणे. बदामही चालूच होते.

तीन-साडेतीन महिन्यांनी पुन्हा बाटली द्यायची वेळ आली. ह्या खेपेला मी दारात आडवी उभी राहिले, की मला आत घेणार असाल तरच. डॉक्टरनं आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाला, आधीपेक्षा संख्या वाढली आहे, चालही बरी आहे. पण पुरेशी आहे असं मी म्हणणार नाही. गोळ्यांनी वाढली का भट्टी सुटल्यानं, तेही सांगता यायचं नाही. चालू ठेवा.

मी हे सगळं ऐकलं. त्यानं फक्त ‘वाढली’ एवढं ऐकलं. दवाखान्यातून सरळ तालमीत गेला. वस्तादाला काय सांगितलं देव जाणे, घरी आला तो मैदान मारल्यासारखा आला. आईला म्हणाला, आता दुरुस्त झालंय. तिनं देवापुढं साखर ठेवली. गोळीचं नाव नाही, डॉक्टरचं नाही, माझं तर नाहीच.

मला वाटलं, आता तरी हे घर गप बसेल. माझी चूक. गेली ती अब्रू परत आली म्हटल्यावर सासूचं डोकं पुन्हा जुन्या वाटेला लागलं. काही महिने गेले, मला दिवस गेले नाहीत, आणि एके दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो, म्हणजे तो बसला होता आणि मी वाढत होते, तेव्हा ती म्हणाली, “आता ह्याच्यात तर काय कमी न्हाई. डॉक्टरच म्हणाला. मग आता दोष कुणात ते दिसतंयच की. बघू या एखादं ठिकाण.”

माझ्या हातात भाकरी होती. मला वाटलं ही तव्यासकट हिच्या अंगावर फेकावी. ज्या गोळीनं त्याला बरं केलं असं ती म्हणत होती, तीच गोळी आता मला घराबाहेर काढणार होती. मी काही बोलणार तेवढ्यात तो बोलला. ताटातून डोकं वर न काढता बोलला.

“नगं आई. ते पावणं बी डॉक्टरचा शब्द मागतील. मी न्हाई पुन्यांदा बाटली घिऊन जाणार.”

बस. एवढंच. त्या घरात दुसऱ्या लग्नाचं नाव पुन्हा कधी निघालं नाही, ते ह्या एका वाक्यानं. ‘बायको आहे मला’ असं तो म्हणाला नाही. ‘तिचा काय दोष’ असंही म्हणाला नाही. बाटलीची लाज वाटली, म्हणून मी त्या घरात राहिले. आम्हाला मूल झालं नाही. गोळ्या त्यानं पुढं कधी सोडल्या ते मी बघितलं नाही, बघायचं कारणही उरलं नव्हतं. गल्लीत वांझ म्हणून नाव माझंच राहिलं, आणि त्याच्या तेराव्याला आलेल्या माणसांनीसुद्धा पैलवान कसा वाघासारखा होता, तेच सांगितलं.

त्या दिवशी तेवढं बोलून झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्यावर उपकार केल्यासारखं बघितलं. आणि भाकरी मागितली.

“दुरडी तिथंच हाय,” मी म्हणाले. “घ्या की हातानं.”